कुत्र्याचं पान

तेराव्याच्या दिवशी गाईचं पान गाईनं खाल्लं, कावळ्याचं कावळ्यानं नेलं, आणि कुत्र्याचं पान मात्र अंगणात तसंच पडून राहिलं.

पत्रावळीवर भात होता, त्यावर वरण, दोन पुऱ्या आणि थोडी खीर. द्वारका पायरीवर बसून पानाकडे पाहत होती. एक वाजून गेला होता. आत पंगत मांडलेली होती, पण बसायचं कुणी नाव काढत नव्हतं. त्यांच्या घराण्यात कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय तेराव्याचं जेवण होत नसे, आणि हा नियम पाळून घ्यायला तिचे चुलते नानासाहेब वैजापूरहून मुद्दाम आले होते.

“यमाच्या दारात दोन कुत्री असतात,” ते जमलेल्यांना सांगत होते. “चार-चार डोळ्यांची. सरमा म्हणून देवांची कुत्री होती, तिची पोरं. जगातली समदी कुत्री तिच्याच वंशातली. इथल्यानं खाल्लं की तिथल्याला कळतं, आन ते वाट सोडतं. नाय खाल्लं तर माणूस तिथंच उभा.”

“यमाला काय पावती लागती व्हय?” आवडाकाकू आतून म्हणाली. तिला साखरेचा आजार होता, भूक सोसत नव्हती. “ते पान खाम नदीत सोडा आन म्हणा खाल्लं. भाऊजींनी जन्मात देवाला हात जोडले नाय, आन आता त्यांच्यापायी आमी उपाशी.”

“तू गप. भाऊ माझा गेलाय.”

“बाप हिचा गेलाय. ती तर काय बोलंना.”

द्वारका खरंच बोलत नव्हती. पुण्यात ग्रंथपालाची नोकरी करता करता तिनं सरमेची कथा वाचली होती. त्या चार डोळ्यांचं गुपितही तिला ठाऊक होतं. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांवर कधीकधी दोन पिवळट ठिपके असतात, ते लांबून डोळ्यांसारखेच दिसतात. लहानपणी वडिलांनीच, तात्यांनीच, दाखवले होते. यमाच्या दारावर तिचा विश्वास नव्हता. तरी सकाळपासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. या घरचं अन्न एखाद्या कुत्र्यानं एकदा खावं. तात्यांनी चौदा वर्षं तेवढ्याचीच वाट पाहिली होती.

तात्यासाहेब जनावरांचे डॉक्टर. गल्लीतल्या कुत्र्यांच्या जखमा ते फुकट धूत, त्यामुळे कुत्री त्यांच्या मागं मागं फिरत. बहात्तरच्या दुष्काळात शिवारात मेलेली गुरं पडली, त्यांच्यावर कुत्री माजली, एक पिसाळलं, चार माणसांना चावलं. त्यातली एक मुलगी दगावली. गल्लीतली मोठी माणसं डॉक्टरांच्या दारात येऊन बसली. तात्यासाहेबांनी कंपाउंडर कमरोद्दीनकडून कुचल्याचं विष आणवलं, मटणात कालवलं आणि गोळे स्वतः वाटले. दुसऱ्या कुणाच्या हातून कुत्र्यांनी ते इतक्या सहज खाल्ले नसते.

जी थोडी वाचली, ती पुन्हा या अंगणात आली नाहीत. त्यांची पिल्लं आली नाहीत, पिल्लांची पिल्लं आली नाहीत. बाहेरून एखादं भटकत आलं, तर चार दिवसांत तेही दारासमोरून जाताना पलीकडच्या भिंतीला चिकटून चालू लागे. तात्यासाहेब रोज सकाळी पायरीवर भाकरी ठेवत आणि संध्याकाळी मुंग्यांसकट उचलत. सुट्टीत आली की द्वारका हे पाहायची. तिनं कधी विचारलं नाही.

“डॉक्टर होते तवर धाक होता,” शेजारचा कडूबा हात झटकत म्हणाला. तो सकाळपासून जेवणासाठी थांबलेला होता. “आता खामच्या काठी लई झालीत पुन्ना. उन्हाळ्याच्या आत बंदोबस्त करावा लागंल.”

द्वारका उठली आणि तिनं पान उचललं.

“कुठं चालली?” नानासाहेबांनी विचारलं.

“ती येत नाहीत तर मी जाते.”

फाटकाशी बसलेला कमरोद्दीन काठी टेकत तिच्या मागं निघाला. शहराच्या जुन्या मकई दरवाजाजवळ खाम पार आटली होती. पुलाच्या कमानीखाली एक काळी कुत्री तीन पिल्लांना घेऊन पडली होती. या दोघांना पाहताच ती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांवर दोन पिवळट ठिपके होते. द्वारकाचे पाय क्षणभर थांबले.

तिनं पान वाळूत ठेवलं आणि दहा पावलं मागं येऊन बसली. कुत्री पानाकडे बघतच नव्हती. ती द्वारकाच्या हातांकडे बघत होती.

“नाही येणार ती, बेटी,” कमरोद्दीन म्हणाला.

“चाचा, इतक्या पिढ्या हे त्यांच्या लक्षात कसं राहतं?”

कमरोद्दीननं काठीवर दोन्ही हात ठेवले. “आमची दादी सांगायची. अल्लानं आदमचा पुतला मातीचा बनवला. शैतान जळफळला, त्याच्यावर थुंकला. थूक पडली पोटावर. फरिश्त्यांनी तेवढी माती काढून फेकली, तिथं माणसाला बेंबी राहिली. आन त्या फेकलेल्या मातीचा कुत्रा झाला. म्हणून तो माणसाला सोडत नाही, आन म्हणून माणूस त्याला घरात घेत नाही. डाक्टरसाब पहले हसायचे. बहात्तरनंतर हसले नाहीत. पुन्हा सांग म्हणायचे.”

“आणि ते स्वतः काय म्हणायचे?”

“त्यांचं निराळं. म्हणायचे, लांडग्यांमधी जो माणसाला कमी भ्याला तो उष्ट्यासाठी जवळ आला. त्याची पिलं आणखी कमी भ्याली. हजारो साल लगे, तेव्हा कुत्रा झाला.” त्यानं काठीनं वाळू उकरली. “मग म्हणायचे, कमरोद्दीन, माझ्या हातचं ज्यांनी विश्वासानं खाल्लं ती मेली. जी भ्याली ती वाचली, त्यांचीच पिलं झाली. हजारो वर्षांचं काम मी एका दिवसात उलटं फिरवलं. ह्या गल्लीत मी पुन्हा लांडगे पैदा केले.”

द्वारका उठली, पानाजवळ जाऊन मांडी घालून बसली. पुरीचा तुकडा मोडला आणि खीर लावून तोंडात घातला.

“बेटी! कुत्र्याचा हिस्सा आहे तो.”

“तात्यांनी कुत्र्यांसमोर बसून स्वतः कधी खाल्लं होतं का?”

ती हळूहळू जेवत राहिली. कुत्री जागची हलली नाही, पण तिच्या पायांमधून एक पिल्लू बाहेर आलं. थांबलं, पुढं आलं, पुन्हा थांबलं. आई गुरगुरली. ते वाळूवर पोट घासत द्वारकापर्यंत पोचलं आणि त्याचं ओलं नाक तिच्या बोटांना लागलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. दुसरा तुकडा तिनं मोडलाही होता.

मग तिला कडूबाचं बोलणं आठवलं. उन्हाळ्याच्या आत.

या पिल्लाला आज कळणार होतं, की माणसाच्या हातचं खावं. उन्हाळ्यात पुन्हा कुणी गोळे घेऊन आलं, तर सगळ्यात आधी हेच धावणार होतं. पिल्लू तिची बोटं चाटत होतं, शेपूट हलवत होतं. द्वारकानं हात मागं घेतला. “हाड,” ती म्हणाली. पिल्लाला तो खेळ वाटला. तिनं एक खडा उचलून त्याच्या पायांशी मारला. तरी ते गेलं नाही. दुसरा तिनं नेमका पायावर मारला. ते किंचाळलं. आईनं झेप घेऊन त्याला मानगुटीला धरलं आणि कमानीच्या अंधारात नेलं.

पान तिथं ठेवलं असतं तर ते परत आलं असतं. म्हणून उरलेलं सगळं तिनं तिथंच बसून खाल्लं. कमरोद्दीन नदीच्या दुसऱ्या बाजूला बघत उभा राहिला.

घरी रिकामी पत्रावळ पाहून नानासाहेब उठून उभे राहिले. “खाल्लं?”

“कुत्र्यानं नाही, नानाकाका. मी खाल्लं. एक पिल्लू आलं होतं, त्याला मीच हाकललं.”

आवडाकाकू दारात आली.

“का गं?” नानासाहेबांच्या आवाजात राग नव्हता.

“कडूबांना विचारा, उन्हाळ्यात काय करणार आहेत.”

कडूबानं मान खाली घातली. नानासाहेब तिच्याकडे वळले. “मग तात्या तिथंच उभा राहणार की गं.”

“राहतील,” ती म्हणाली. “इथं चौदा वर्षं उभेच होते.”

“आवडे, लोकांना वाढ,” नानासाहेब म्हणाले. ते स्वतः पंगतीला बसले नाहीत. पायरीवर तिच्या शेजारी येऊन टेकले. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला, तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “हाकललं तवा भ्यालं का गं ते?”

“व्हय,” द्वारका म्हणाली. “लई भ्यालं.”