निळ्या टिकल्यांचा कातळ

पोफळी गावाच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, भाद्रपदात भर दुपारीही धुकं असतं. रत्नागिरीहून निघताना घामाने भिजलेली तेजस्वीची ओढणी इथे येईपर्यंत मानेला गार लागू लागली होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि दर वर्षी याच दिवसांत एका फुलासाठी इथे यायची. नखाएवढं, निळं. पाझरत्या कातळावरच्या शेवाळात ते उगवे आणि मुळांऐवजी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले किडे धरून जगे. आजूबाजूचे सगळे सडे तिने पालथे घातले होते. ते सापडलं फक्त इथे, धाकू नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरामागच्या या एवढ्याच कातळावर.

गेल्या वर्षी तिने धाकूला सांगितलं होतं, "काका, हे दुसरीकडे कुठेच नाही. सांभाळा."

"या बाय, बगा तरी," म्हातारा आज खुशीत पुढे चालला होता.

"माज्या बाळंतपणात माजं येवढं केलं नाय ह्यांनी," मागून त्याची बायको काशी म्हणाली. "आणि ह्या निळ्या टिकल्यांपायी गुडघे मोडून घेतले."

"तरी तीन पोरगे झाले ना तुला?"

कातळाभोवती कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा उभा होता. आत काळी, भुसभुशीत माती. मातीत दाट गवत, आणि कडेने टपोरा केशरी झेंडू.

तेजस्वी गडगा ओलांडून आत गेली. खाली बसून तिने गवत बाजूला केलं.

"टिकल्या अजून दिसत नाय. झेंडू पुढं गेला," धाकू म्हणाला. "पण येतील. आंब्याच्या कलमाला करतो तसंच केलंय सगळं. खालून डोक्यावरनं माती आणली, वर शेणखत."

कातळावर कलम असंच जगवतात. पण हे फूल जिथे खायला काही नसतं तिथेच टिकतं. खत पडलं की गवत माजतं, आणि गवताच्या सावलीत ते संपतं. बी मात्र खाली शेवाळात असेल, तिने स्वतःला सांगितलं. माती काढली, पाणी पुन्हा पाझरू दिलं, तर एखाद्या पावसाळ्यात येईलही.

"काका, माती शेवाळावरच टाकलीत ना?"

"छे! असलं अर्धवट काम करीन का मी? शिमग्यानंतर सगळं वाळलं होतं, तवा खोऱ्यानं खरवडून काढलं. कातळ घासून धुतला, मग माती."

"खरवडलेलं कुठे टाकलंत?"

त्याने हनुवटीने दाखवलं. गडग्यापलीकडे सडा तुटत होता. खाली ऊन न पोहोचणारं दाट रान, धुक्याने भरलेलं.

काशी पुढे आली. "काय झालं गो बाय?"

तेजस्वीने हळू, सोप्या शब्दांत सांगितलं. बी कुठे असतं, खत काय करतं.

"म्हंजे पुढल्या वर्षी...?" धाकूने विचारलं.

"नाही, काका."

"तुमच्याकडं थोडं बी असंल की. कपाटात, कुठं."

"होतं ते सगळं रुजवून पाहिलं. एकही आलं नाही."

धाकू गडग्याच्या आत उतरला आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागला. काशी "अवो" म्हणाली. तेजस्वीने त्याला थांबवलं नाही. तीही शेजारी बसून माती बाहेर टाकू लागली.

हातभर खाली कातळ लागला. धाकूने तो तळहाताने पुसला, मग पुन्हा पुसला. पाटा धुवून ठेवावा तसा तो स्वच्छ होता.