असल पेटीत, नकल मागावर

मी एक म्हातारी कोळीण आहे, मित्रांनो. मला कीटक म्हणू नका. पाय मोजा, आठ भरतील. सुरतेत भेस्तानच्या एका कारखान्यात, जॅकार्ड मागाच्या वरच्या कोपऱ्यात माझी सारी उमर गेली.

खाली सुपडू नावाचा विणकर कापड विणायचा. जाळ्यात डास अडकले की माझ्याकडे कौतुकाने बघायचा. कापडावर फूल कुठे नि पान कुठे, हे त्याच्या मागाला भोकं पाडलेले पत्ते सांगत. मूळ पत्ते म्हणजे असल. ते पेटीत राहायचे. मागावर त्यांची नकल चढायची. एकदा घाईत त्याने असलच चढवलं. पत्ते फाटले आणि ते डिझाइन कायमचं गेलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग दसरा आला. यंत्रांच्या पूजेआधी झाडलोट करायला त्याची बायको सरलाबाई आली. तिने जाळं काढलं, मी पुन्हा विणलं. तिने पुन्हा काढलं. मीही हट्टाला पेटले, कारण पोट अंड्यांनी भरलं होतं. शेवटी अंडी घातली आणि त्यांच्याभोवती पांढरी पोटली विणली.

सरलाबाई वैतागली. "इतला धागा ही कोठून आणस?"

डबा घेऊन आलेली त्यांची मुलगी वर्षा हसली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकायची. "आबांच्या मागासारखंच आहे, आई. हिचं असल म्हणजे डीएनए. ते पेशीतल्या पेटीतच राहतं. धागा हवा असला की त्यातल्या तेवढ्याच भागाची नकल उतरते. तिला आरएनए म्हणतात. ती पेटीबाहेर जाते, तिच्यावरून धागा बनतो, आणि काम झालं की ती मोडते. रेशमाच्या किड्याचंही असंच."

"मंग जाळं काढं तरी काय बिघडस? असल तिनाजोडेच से. परत विणी ती." सरलाबाईने झाडू उचलला.

तिचं म्हणणं खरं होतं, मित्रांनो, असल माझ्याजवळच होतं. पण झाडू पोटलीकडे येत होता. मी पोटलीला आठही पायांनी मिठी मारली.

सुपडूने माग थांबवला. "वर्षा, त्या अंडामा काय से?"

"पिल्लांचं असल, आबा. अर्धं हिचं, अर्धं त्यांच्या बापाचं."

सुपडूने बायकोचा हात धरला. "जाळं काढ. पोटली ऱ्हाऊ दे. तिन्हामा असल से."

जाळं गेलं, पोटली राहिली. आता पुन्हा विणण्याइतकी ताकद माझ्यात नाही. तरी पिल्लं बाहेर पडेपर्यंत मी इथून हलणार नाही. मित्रांनो, घर खुशाल झाडा. फक्त पांढरी पोटली दिसली, तर तेवढा कोपरा सोडा.