वेताची खुर्ची आणि चार वाजताचं वजन

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. सिंगापुरात मरीन परेडला 'आंटी विनी'चं हॉट डॉगचं दुकान आहे, तिथे आतल्या भिंतीला टेकून मी उभी असते. मित्रांनो, मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. पण माझ्यावर माणूस बसलं की ते मनात काय घेऊन बसलंय ते मला कळतं. शिकलेल्यांना समोर बसूनही कळत नाही, ते जाऊ दे.

मला एका चिनी सुतारानं घडवलं. लाकूड चांगलं, वेताची वीण घट्ट, पण मागचा उजवा पाय त्यानं सूतभर आखूड कापला. माझ्या पाच बहिणी सरळ उभ्या राहायच्या आणि मी डुगडुगायची. एका कॉफीच्या दुकानात आम्ही वीस वर्षं काढली. दुकान बंद झालं, बहिणींना घरं मिळाली, आणि मला एका इमारतीखाली कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभं केलं. तिथून विनीताबाईंनी मला उचललं.

विनीताबाई पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेल्या. नवरा म्हणाला, "कुणाची टाकलेली खुर्ची आणू नये."

बाई म्हणाल्या, "तिला टाकली, तिची बसवून घ्यायची ताकद नाही टाकली." आणि मला डोक्यावर घेऊन, सिग्नलला थांबत, चालत घरी आल्या.

पुढे त्यांनी दुकान काढलं. कोंबडीचं सॉसेज मधून चिरून तव्यावर खरपूस परतायचं, पावात घालायचं, वर कांदा, आणि त्यावर पाट्यावर फेसलेली मोहरी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणि दुसऱ्या घासाला हसू. चिनी, मलय, तमिळ, सगळे रांग लावायचे. एकाची सात दुकानं झाली. मी मात्र पहिल्याच दुकानात राहिले. मला हलवायची कुणाची छाती नव्हती.

रोज दुपारी चार वाजता गर्दी ओसरली की बाई माझ्यावर बसायच्या आणि एक हॉट डॉग खायच्या. मोहरी जमली असली तर गप्प उठायच्या. बिघडली असली तरी बोलायच्या नाहीत. अंग मागे टाकून माझा आखूड पाय जमिनीवर तीनदा आपटायच्या. टक, टक, टक. की आत सगळे हातातलं टाकून नवी मोहरी फेसायला घ्यायचे. सुतारानं ज्या पायाला खोट म्हटलं असतं, त्या पायाला सगळं दुकान घाबरायचं. गर्व करू नये म्हणतात. मी केला.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. दुकानं त्यांच्या लेकीनं, मेधानं, सांभाळायला घेतली. मेधाची मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची. तिनं आजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यावर टिश्यूचं एक छोटं पाकीट ठेवलं. इथली रीतच आहे. खायच्या ठिकाणी जागा धरायची असली की खुर्चीवर असं पाकीट ठेवतात, मग त्या जागेवर कुणी बसत नाही. शेजारच्यांनी विचारलं तर इरा म्हणायची, "Grandma sitting, lah."

लोक हसायचे. मीही मनात म्हटलं, पोरगी लहान आहे.

चौथ्या दिवशी, चार वाजता, माझ्यावर वजन आलं.

मित्रांनो, मी तीस वर्षं त्या बाईला उचललं होतं. डावीकडे जरा जास्त कलून बसायची सवय, गुडघा दुखायचा म्हणून हात टेकून खाली येणं, सगळं तेच. फक्त ऊब नव्हती. विहिरीच्या तळाशी ठेवलेल्या दगडासारखं गार वजन. माझा वेत हळूहळू खाली गेला आणि थोड्या वेळानं हळूहळू वर आला. संध्याकाळी इरानं पाकीट उचललं तर ते पापडासारखं चपटं झालं होतं. तिनं पाकीट पाहिलं, मला पाहिलं, कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पाकीट आणून ठेवलं. तेव्हापासून रोज एक.

मेधा वाईट नाही. दमलेली आहे. सातही दुकानं एकसारखी दिसावीत म्हणून तिनं पिवळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागवल्या. जुनं सामान न्यायला सोमवारी लॉरी येणार होती, आणि जुन्या सामानात मी होते. इरा आठवडाभर आईशी बोलली नाही. मेधा म्हणाली, "खुर्ची म्हणजे आजी नव्हे, इरा." कचऱ्याच्या गाडीची वाट मी आधीही एकदा पाहिली होती. पण तेव्हा मी रिकामी होते. आता मला घेऊन गेले तर चार वाजता बाई कुठे बसणार, ही एकच धास्ती मला लागली होती.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी दोन विनोदवीर आले. अमेय आणि रुचिर. आठवडाभर आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचे आणि शनिवारी एकेका नावाजलेल्या दुकानात जाऊन, खाऊन, त्याची सालटी काढायचे. त्याचे व्हिडिओ घरोघरी बघायचे म्हणे. अमेय इथे नऊ वर्षं राहिलेला, तो कॅमेरा धरायचा. रुचिर तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, तो बोलायचा. तोंडाला लगाम नव्हता. मला असली माणसं आवडतात, पण दुरून.

चारला पाच मिनिटं होती. रुचिरनं पाकीट उचललं, "वा, टिश्यू फुकट, म्हणजे रडवणार," असं म्हणत खिशात टाकलं आणि माझ्यावर चक्क मांडी घालून बसला. दोन्ही पाय वर.

अमेय म्हणाला, "अरे ऊठ, ती कुणीतरी धरलेली जागा आहे."

"कुणी? दुकानात आपण दोघंच आहोत."

इरा धावत आली. "काका, not there. Please. आजी येते आता."

"येऊ दे की. आजीला मी मांडीवर घेतो," रुचिर म्हणाला. अमेय हसला. कॅमेरा चालू होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, आणि वजन आलं. एकाच जागी दोन माणसं, एक गरम आणि एक गार. माझा वेत करकरला. रुचिरनं हॉट डॉगचा घास घेतला, बाई गेल्यापासून माझ्यावर बसून कुणी घेतलेला पहिला घास. त्याच्या अंगावर काटा आला. तो मला माझ्या काठांवर जाणवला.

मग माझा पाय वाजला. टक, टक, टक.

आत भांड्यांचा आवाज थांबला. दोन वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. मेधा ओल्या हातांनी बाहेर आली.

"पाय हलवू नकोस रे, आवाज येतोय," अमेय म्हणाला.

"माझे दोन्ही पाय वर आहेत," रुचिर अगदी हळू म्हणाला.

पुन्हा तीनदा वाजलं. रुचिर उठला नाही, सांडला. मांडी सोडायचं भान न राहता तो जमिनीवर आला आणि तसाच मागे सरकत गेला. मी रिकामी झाले, पण माझा वेत वर आला नाही. खोलगट तसाच, कुणीतरी बसल्यासारखा. अमेयचा कॅमेरा त्यावरच होता.

रुचिरनं हातातल्या पावाकडे पाहिलं. "ताई," तो मेधाला म्हणाला, "ही मोहरी बाटलीतली आहे का?"

होती. आठ दिवसांपूर्वी मेधानं सातही दुकानांत पाटे बंद करून कारखान्याची मोहरी लावली होती. घरच्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. ती माझ्यासमोर आली, ओले हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, आणि माझ्या रिकाम्या बैठकीकडे पाहून म्हणाली, "आई, चुकलं. उद्यापासून फेसते."

वेत वर आला. हळूहळू, करकरत. इरानं रुचिरच्या खिशातून आपलं पाकीट काढून घेतलं आणि परत जागेवर ठेवलं.

दोघांनी तो व्हिडिओ जसाच्या तसा लोकांना दाखवला. शपथेवर सांगितलं की असं झालं. मित्रांनो, त्या दोघांनी जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं, आणि लोक सगळ्यात जास्त त्यालाच हसले. खुर्चीला दोरी कुठे बांधली होती, एवढंच सगळे विचारत राहिले.

सोमवारी लॉरी आली. मेधानं बाकी सगळं दिलं. माझ्यापाशी माणूस आला तर ती म्हणाली, "ती नाही. तिच्यावर माणूस आहे." लॉरीवाला तमिळ म्हातारा होता. त्यानं मान हलवली आणि मला वळसा घालून गेला. रुचिर अजून दर शनिवारी येतो. हॉट डॉग उभ्यानं खातो.

पण दोन वजनांनी माझी वीण तुटली होती. मधोमध भोक पडलं. मेधानं मला वेत विणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पोचवलं. त्यानं जुना वेत सगळा कापून काढला, आणि मी नुसती चौकट राहिले. आठ दिवस लागणार होते. इरानं दुकानात पिवळ्या खुर्चीवर पाकीट ठेवलं आणि आजीला सांगितलं म्हणे, की थोडे दिवस इथे बस. ती खुर्ची चांगली होती. मोहरी पाट्यावरची होती. बाई तिथेच बसतील, असं मी स्वतःला समजावलं.

चार वाजता, त्या म्हाताऱ्याच्या खोलीत, माझ्यावर वजन आलं. बसायला वेत नव्हता, नुसती हवा होती, तरी डावीकडे जरा जास्त कलून, हात टेकून, आलं. म्हाताऱ्यानं हातातला वेत खाली ठेवला, आपलं स्टूल थोडं मागे घेतलं आणि चहा प्यायला लागला. घाई केली नाही. अशा खुर्च्या त्यानं आधीही विणल्या असाव्यात.

त्या दिवशी पाय वाजला नाही. तिथे मोहरी नव्हतीच. इतके दिवस मला वाटायचं, बाई चव बघायला येतात. इमारतीखालून उचललेली आपली खुर्ची नीट होते आहे की नाही, हे बघायला त्या आल्या होत्या.

तर मित्रांनो, घरातली मोडकी वस्तू टाकायच्या आधी एकदा दुपारी तिच्याजवळ थांबा. वेत खाली गेलाय का बघा. गेला असला तर कुणाला उठवू नका. वीण तेवढी नीट करून द्या.