चाखलेलं कुठे जातं?

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणारा नव्हे, खराखुरा, स्टीलचा. सध्या माझा मुक्काम एका खणात आहे. शेजारी बोथट सुरी, दांडा निखळलेली गाळणी आणि कुठल्या कुलपाची हे कुणालाच आठवत नाही अशी एक किल्ली. हातात वेळच वेळ आहे, म्हणून म्हटलं आपली हकीकत तुम्हाला सांगावी. ती सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं, पण न सांगता चैनही पडत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड पत्रा साच्याखाली सरकवायचा, वरून दणका बसायचा आणि चमचा तयार. माझ्या वेळी पत्रा अडकला आणि दणका दोनदा बसला. त्यामुळे माझी भावंडं कशी छान उथळ, नाजूक निघाली आणि मी मात्र लहान वाटीएवढा खोल. दुकानदाराने मला सेटमधून बाजूला काढलं आणि बिनजोडीच्या वस्तूंच्या टोपलीत टाकलं. तिथे मी बरेच दिवस तोंड पाडून पडलो होतो.

तिथून मला उचललं ते बाटल्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने. त्याला सगळे मामा म्हणत. मामांनी मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "हा बरा आहे. चव घेतल्यासारखी तरी वाटेल." झालं, त्या दिवसापासून मी कॅन्टीनचा चाखायचा चमचा झालो.

त्या कॅन्टीनचा एक शिरस्ता होता. काच वितळवणाऱ्या भट्टीसमोर घाम गाळून माणसं जेवायला येत. त्यांना मीठ जरा जास्त लागतं, आणि अन्नात काही बिघडलेलं असेल तर भट्टीपुढे पोटात कळ येऊन चालत नाही. म्हणून आचाऱ्याने स्वतः चाखल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जात नसे. फोडणी बसल्यावर एकदा, शिजल्यावर एकदा, वाढायच्या आधी एकदा. पातेल्यात उतरायची ती पळी. पळीतून माझ्यात, आणि माझ्यातून तोंडात. माझं उष्टं तोंड पातेल्याला कधी लागलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

मामा थकले तेव्हा त्यांनी मला आपल्या हाताखालच्या बाईकडे सोपवलं. ती म्हणजे आमची ताई. मामांनी तिला बजावलं होतं, "चाखून थुंकायचं नाही. जिभेवर सगळं गोडच लागतं. गिळल्यावर कळतं घशाला काय म्हणायचंय ते." ताईने ते शब्द पक्के लक्षात ठेवले.

ताईचं लग्न झालेलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनेच मोठं केलं. भाऊ शिंपी झाला. त्याने ताईसाठी जाड कापडाचा एप्रन शिवला आणि उजव्या हाताला माझ्या मापाचा खिसा लावला. "तुझ्या चमच्याला घर केलंय बघ," असं म्हणून त्याने मला त्या खिशात उभं केलं होतं. तिथे माझी कितीतरी वर्षं सुखात गेली. कामगार जेवून उठताना ओरडायचे, "ताई, आज हात चाटत बसावंसं वाटतंय." ताई हसायची, मला एकदा चाटायची आणि पुन्हा खिशात ठेवायची. कौतुक तिचं व्हायचं, पण फुगायचो मी.

मग भावाच्या किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून कितीतरी तास त्याला यंत्राला जोडून पडावं लागे. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. कात्री धरली की बोटं थरथरत. ताईने एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "माझी घ्या." तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, सगळं जुळलं. फक्त ताईचं वजन आड आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या वजनावर तुमची किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे. दहा किलो उतरवा, मग पुढचं बघू. पण उशीर करू नका. त्यांना फार काळ असं काढता येणार नाही."

ताईने कंबर कसली. सकाळचं खाणं बंद केलं, दुपारचा भात अर्ध्यावर आणला, साखर तर घराबाहेरच काढली. सुरुवातीला काटा भराभर खाली आला आणि भावाच्या घरी सगळ्यांचे चेहरे उजळले. आणि मग तो काटा जो अडला तो अडलाच. ताईने भात पूर्ण सोडला, काटा ढिम्म. संध्याकाळी नुसतं ताक घेऊ लागली, तरी ढिम्म. उलट एकदा थोडा वरच गेला. त्या दिवशी ताई वजनाच्या यंत्रावरून खाली उतरायलाच तयार नव्हती.

मित्रांनो, या काळात माझे मात्र दिवस पालटले होते. ताई मला पूर्वीपेक्षा जास्त वेळा खिशातून काढू लागली. रश्शात मीठ बरोबर असलं तरी पुन्हा एकदा बघायची. उकडलेल्या बटाट्यांचा कोपरा मोडून माझ्यात घ्यायची. दुधातला गोड भात असला की माझ्या कडेला एक शीतही उरायचं नाही. मला वाटलं, माझं महत्त्व वाढलंय. भुकेलेलं माणूस चमचा कसा चाटतं हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं जिच्या तोंडात गेलो, तिची भूक मला ओळखता आली नाही, ही सल अजून जात नाही.

एका सुट्टीच्या दिवशी ताई भावाकडे गेली. एप्रन धुवायला म्हणून पिशवीत होता आणि त्यात मी. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. भावजयीने चहा पुढे केला, ताईने नको म्हटलं. तेव्हा भावजय खाली बघत म्हणाली, "वन्सं, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"तुम्हाला द्यायची नसेल, तर तसं सांगा. कुणी तुमच्यावर जबरदस्ती केलेली नाही. पण यांना असं आशेवर ठेवू नका."

आतून भावाचा क्षीण आवाज आला, "तिला काही म्हणू नकोस गं." तो जागाच होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. ताईने पिशवी उचलली, भावाच्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबली, पण आत गेली नाही.

घरी येऊन ती न्हाणीघरात एप्रन घासत बसली. मला बाजूला काढून ठेवलं होतं. घासता घासता तिचा हात थांबला आणि ती स्वतःशीच म्हणाली, "मी खात तर काही नाही. मग माझंच अंग नको म्हणतंय का? मलाच आतून भीती वाटतेय का?" तिने स्वतःवरच आळ घेतला होता. त्या दिवसापासून तिने ताकही सोडलं.

व्हायचं तेच झालं. भर कामाच्या वेळी ताईला चुलीपुढे घेरी आली. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईने तिला सावरलं, तांदळाच्या पोत्याला टेकवून बसवलं आणि भावाच्या घरी फोन केला. भावजय धावत आली. ताईने पाणी पिऊन पुन्हा पदर खोचला होता. भावजय म्हणाली, "घरी चला." ताई म्हणाली, "एवढी माणसं जेवायची राहतील." शेवटी भावजय स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसली. "मग मीही इथेच बसते," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि खोटं कशाला सांगू, थोडा संशयही होता.

ती बघत राहिली. डाळीची पळी, मी, ताईचं तोंड. रश्शाची पळी, मी, तोंड. पुन्हा डाळ. मग बटाटा. मग तेलाचा तवंग बाजूला सारून पुन्हा रस्सा. भावजयीचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. ती उठून जवळ आली.

"वन्सं, सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही. कोरा चहा."

"आणि हे काय चाललंय?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "हे? हे खाणं कुठेय? मी चाखतेय."

तिच्या आवाजात इतका खरेपणा होता की भावजय चपापली. चोरी पकडायला आलेल्या माणसाला चोरच सापडू नये, तसं तिचं झालं. तिने फळीवरून एक रिकामं पातेलं उतरवलं आणि दुसरा एक चमचा मागितला. हाताखालच्या बाईने साधा, उथळ चमचा दिला. भावजयीने मला ताईच्या हातातून घेऊन त्या चमच्याशी ताडून पाहिलं, मला परत दिलं आणि तो उथळ चमचा ठेवून माझ्या मापाची एक लहान वाटी हातात घेतली.

"तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली. "तुम्ही एकदा चाखलंत की तेवढंच मी या पातेल्यात टाकणार."

कॅन्टीनचं जेवण आटोपेपर्यंत हेच चाललं. मी तोंडाकडे गेलो की पातेल्यात तेवढंच पडायचं. आधी ताई हसत होती. मग हसणं थांबलं. मग ती पातेल्याकडे बघायचंच टाळू लागली. शेवटची पंगत उठली आणि भावजयीने पातेलं तिच्यापुढे ठेवलं. डाळ, रस्सा, बटाटे, गोड भात, सगळं एकमेकांत मिसळून पातेलं काठाला आलं होतं.

"किती जणांचं होईल हे?" भावजयीने विचारलं.

ताईचा आयुष्यभराचा अंदाज. तिने एक नजर टाकली. "दोघांचं," ती म्हणाली आणि पोत्यावर बसली. "म्हणजे मी जेवत होते. तो सुया टोचून घेत होता आणि मी रोज दोघांचं जेवत होते."

भावजय तिच्याशेजारी बसली. "तुम्ही काम करत होता, वन्सं. मी मात्र घरी बसून नको ते मनात आणलं. त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते राहू दे," ताई म्हणाली. "माझ्याही मनात तेच आलं होतं."

दोघी एकाच पोत्यावर बसून रडल्या. मी ताईच्या मुठीत होतो आणि माझ्या खोल पोटात रश्शाचे दोन थेंब अजून उरले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही उपाशीही होता आणि खातही होता. दोन्ही खरं आहे. ताट सोडल्यामुळे भूक वाढली, भुकेमुळे चाखणं वाढलं. त्यात अशक्तपणा आला म्हणून कामावर चालत जायचं सोडून बसने जाऊ लागलात. झोप नाही, जिवाला घोर. अंगही मग हात आखडून खर्च करतं. चूक माझीही आहे. मी जेवणाचं विचारलं, तुमच्या कामाचं विचारलंच नाही."

उपाय साधा होता आणि ताईला तोच सगळ्यात जड गेला. सकाळी बसून, ताट वाढून नीट जेवायचं. कॅन्टीनला चालत जायचं. आणि चाखायचं नाही. चाखायचं काम हाताखालच्या बाईने करायचं, तेही लहान चमच्याने.

पहिल्या दिवशी ताई पातेल्यांपुढे हात बांधून उभी होती. तिचा उजवा हात सारखा खिशाकडे जायचा. कामगारांनी दोन घास घेतले आणि एकजण म्हणाला, "आज हात कुणाचा लागलाय? अळणी आहे." ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मिठाची बरणी टेबलावर नेऊन ठेवली आणि परत आली. जिच्या जिभेवर कॅन्टीनचं नाव टिकलं होतं, तिने ती जीभ दातांखाली धरली. भावासाठी ती किडनी द्यायला निघाली होती, पण माझ्या मते आधी तिने ही जीभच दिली.

संध्याकाळी तिने मला घासलं, पुसलं आणि घरच्या खणात ठेवलं. "तुझा काही दोष नाही रे," असं म्हणाली आणि खण लावला. तिने माफ केलं म्हणून माझी टोचणी कमी झाली नाही. अंधारात पडल्या पडल्या मला एवढंच कळायचं की सकाळी ताटाचा आवाज येतो, मग चपलांचा, आणि दार लागतं. काट्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मग एकदा कितीतरी दिवस घरात कसलाच आवाज आला नाही.

अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात. चमच्याने काय घ्यावं?

खण उघडला तेव्हा ताईचा चेहरा उतरलेला होता, एक हात कुशीवर दाबून धरला होता, पण डोळे हसत होते. तिने मला उकळत्या पाण्यात टाकलं, चांगलं उकळलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि भावाच्या घरी घेऊन गेली. भाऊ उशीला टेकून बसला होता. गालावर रंग आला होता. ताईने डब्यातला मऊ भात आणि डाळ कालवली. ताईची किडनी बसवल्यामुळे भावाला आता मीठ जपून खायचं होतं आणि कुणाचं उष्टं तर मुळीच चालणार नव्हतं.

ताईने मला भरलं आणि सवयीने स्वतःच्या ओठांपर्यंत नेलं. तिथे ती थांबली. भाऊ बघत होता, दारातून भावजय बघत होती. ताईने हळूच मला फिरवलं आणि भावाच्या तोंडापुढे धरलं. उभ्या आयुष्यात तिने पहिल्यांदा न चाखता कुणाला घास दिला.

"तूच सांग बाबा, कसं झालंय," ती म्हणाली.

भावाने घास गिळला. डोळे पुसले. "अळणी आहे, ताई," तो म्हणाला. "अजून एक दे."

त्यानंतर मी पुन्हा या खणात आलो आहे आणि माझी तक्रार नाही. मित्रांनो, एकच विनंती करतो. तुमच्या घरातही कुणीतरी चुलीपुढे उभं राहून सगळ्यांसाठी चाखत असेल. ते माणूस "माझं झालं" म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका आणि त्याच्यावर संशयही घेऊ नका. त्याचा हात धरा, त्याला खाली बसवा, आणि त्याच्यापुढे त्याचं स्वतःचं ताट वाढा.