मागच्या खोलीचं लॅच

किल्लेदारांनी पटाशीवर हलकेच हातोडी मारली आणि दाराच्या कडेची एक ढलपी निघून खाली पडली. दार हलू नये म्हणून ताई ते दोन्ही हातांनी धरून उभी होती. दार किल्लेदारांच्याच खोलीचं होतं, आणि त्यांना त्या खोलीबाहेर काढायला आणलेलं नवं लॅच ते स्वतःच बसवत होते.

"जरा तुमच्याकडे ओढा," ते म्हणाले.

तिने ओढलं.

हे असं कसं झालं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. धाकट्या भावाने फोनवर सगळं पढवून ठेवलं होतं. भाडेकरूशी कागद काही केलेला नाही, वकील म्हणतो कोर्टात गेलात तर केस पांढरे होतील, तेव्हा आपणच डोकं चालवायचं. तो कामाला गेला की लॅच बदल, सामान बाहेर ठेव आणि आत बसून राहा. दार वाजलं तरी उघडू नकोस. ताईने मान डोलावली होती, जणू फोनवर ती दिसते. मग बाजारात जाऊन लॅचही आणलं.

ते बसवणार कोण, हा विचार मात्र तिने केलाच नाही. या घरात खिडकीची कडी निघाली, नळ गळायला लागला, कपाट अडकलं की मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, एवढंच तिला ठाऊक. सकाळी किल्लेदार आपला कप विसळत होते आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, एवढं लॅच बसवून द्याल का?"

"द्या की. कुठल्या दाराला?"

तिने बोट दाखवलं. बोट दाखवल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं, पण तोवर खोका त्यांच्या हातात गेला होता. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

"आजच?"

"हो."

"बरं," म्हणून ते हत्यारं आणायला आत गेले.

कोपऱ्यावरच्या टपरीत बसून किल्ल्या करून देणारा हा माणूस आईच्या वेळेपासून घरात होता. किल्लेदार हे नाव आईनेच थट्टेने ठेवलेलं. तिचे पाय गेले तेव्हा दवाखान्यात न्यायला-आणायला तिला खुर्चीसकट उचलत तेच. ताई त्या वेळी शाळेत शिवण शिकवायची, आणि भाऊ दूर होता. तो नेहमीच दूर होता. आई गेली, पुढे ताईची नोकरीही संपली. मग भावाने घराला गिऱ्हाईक शोधलं. गिऱ्हाइकाला घर रिकामं हवं होतं.

किल्लेदारांनी खाचेतला भुसा फुंकून काढला. न बोलणं ताईला आता असह्य झालं.

"घर विकतोय आम्ही."

"ठाऊक आहे. ती मोजमापं घेणारी माणसं आली होती, तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

ताईला कान धरून कुणी उभं केल्यासारखं वाटलं.

"मला वाटलं, तुम्ही भांडाल," ती म्हणाली.

"कशाच्या जोरावर?" त्यांनी लॅच खाचेत धरून पाहिलं, काढलं, पुन्हा पटाशी उचलली.

"कुठे जाल?"

"बघू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सध्या टपरी आहेच. पाय लांब करता येत नाहीत एवढंच." मग जरा वेळाने, "आणि तुम्ही?"

"धाकट्याकडे. त्याच्या नव्या घरात एक खोली आहे."

"तुमच्या नावाची?"

"नावाची काय त्यात? खोली आहे, राहायचं."

"या घरात तुमचा वाटा असेल ना पण."

"तो त्याच्या घरातच घालतोय. मला एकटीला काय करायचाय?"

"हो, तेही खरं." त्यांनी पहिला स्क्रू बोटांनी फिरवून अडकवला. "तसं काही लिहून घेतलंय का त्याच्याकडून?"

ताई चिडली. गेले चार दिवस कुणावर चिडावं ते तिला सापडत नव्हतं, ते आता सापडलं.

"माझ्या पाठचा भाऊ आहे तो. कडेवर घेऊन फिरवलाय मी त्याला. सगळीकडे कागद लागतो का हो?"

"नाही, नाही. मी आपलं सहज विचारलं." स्क्रू पिळता पिळता ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या आईंनाही मी एकदा असंच म्हटलं होतं, चार ओळी लिहून द्याल का. त्याही अशाच चिडल्या. माझ्या शब्दाला किंमत नाही का, म्हणाल्या. मग मी विषय काढला नाही. भीड भिकेची बहीण, दुसरं काय."

"आईचा शब्द खोटा नव्हता."

"मुळीच नाही. त्या होत्या तोवर मला कुणी ऊठ म्हटलं नाही. त्या गेल्या, त्याला त्या तरी काय करणार."

शेवटचा स्क्रू बसला. त्यांनी दार दोनदा लावून-उघडून पाहिलं, भुसा स्वतःच झाडून काढला आणि सगळ्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. मग एक पिशवी, एक वळकटी आणि हत्यारांची पेटी घेऊन ते बाहेर आले. एवढ्या वर्षांचं सामान दोन हातांत मावलं.

आजच्या दिवस राहा, असं म्हणावं असं ताईला फार वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवून तरी जा."

"नको. गिऱ्हाइकं खोळंबतील," म्हणून ते निघून गेले.

सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणायला हवं होतं. ताई मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पलंगावर बसली. इतकी वर्षं या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे ती कधी आली नव्हती. खिडकीतून मागचा रस्ता दिसतो, हेसुद्धा तिला आजच कळलं.

भावाची ती खोली तिने पाहिली होती. एका बाजूला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या बाजूला न लागणाऱ्या वस्तूंचे खोके. "हे काय, हलवू की," भावजय म्हणाली होती. चार दिवस राहायला गेलेल्या ताईला तिसऱ्या दिवशी तिनेच हसत विचारलं होतं, "मग परतीची गाडी कधीची?" ताईही हसली होती. भाऊ वाईट नव्हता. भावजयही वाईट नव्हती. पण उद्या तिने हसत विचारलं तर कुठली गाडी सांगायची? ताईला भीती वाटली. आई गेली त्या दिवशीही तिला अशी भीती वाटली नव्हती.

फोन वाजला. भाऊच होता.

"काय गं ताई, गेला का तो?"

ताईने भिंतींवरून नजर फिरवली. खुंटीवर एक सदराही राहिला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? लॅच बदललं नाहीस?"

"बदलू देत नाही. दारातच बसून आहे. कागद नाही तर नाही म्हणतो, या कोर्टात."

"मी सांगत नव्हतो? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आईनेच शेफारून ठेवला त्याला. एक नंबरचा कोडगा माणूस."

ताईने डोळे मिटले.

"हो," ती म्हणाली. "फार कोडगा आहे."

"आता गिऱ्हाइकाला काय सांगू मी?"

"सांग, वेळ लागेल म्हणून. तो काही लवकर हलणाऱ्यातला नाही."