बसवलेला खासदार

माझी बायको चारुलता गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. मुलीला फोन लावणार, तेवढ्यात धरमपेठेतल्या ऋषीचाच आला. चारुलताचं पुस्तक तो छापणार होता.

"काका, मॅडमना एक शब्द विचारायचा होता."

"मॅडम गेल्या," मी म्हटलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तो बेसाच्या आमच्या घरी आला. हातात तिच्या पुस्तकाची लिहून झालेली पानं होती.

चारुलता इतिहास शिकवायची. चाळिशीनंतर जर्मन शिकली. पुस्तक लिहिलं ते हाइनरिश लोडर नावाच्या एका फुटकळ पुढाऱ्यावर. आधी हा दुसऱ्याच पक्षाचा नगरसेवक. हिटलर आल्यावर पक्ष बदलला. मग बाकीचे सगळे पक्षच बंद झाले, निवडणुकीला एकच यादी निघाली आणि तिच्यात याचं नाव आलं. झाला खासदार. संसद कधीतरी भरायची. हा जायचा, हात वर करायचा, घरी यायचा. ज्या ज्यू डॉक्टरने याची मुलगी वाचवली, त्याला घरातून उचलून नेलं, तेव्हा याने खिडकी लावून घेतली.

लिहिताना ती एकदा अडली होती. "एकच यादी, समोर कोणीच नाही. याले निवडून आला कसं म्हणू? सांगा बरं."

मी वांगी चिरत होतो. म्हटलं, "बसवला म्हण वं. आपल्या सोसायटीत सेक्रेटरी बसवला तसा."

इतकी हसली की चहा सांडला. पुस्तकात मग सगळीकडे तोच शब्द आला.

ऋषी म्हणाला, "काका, 'बसवला' काढू. 'निवडून आला' करू. मतदान तर झालंच होतं ना."

"काहून काढू?"

"लोकं अंगावर ओढून घेतात. इथल्याच कोणाले म्हटलं, असं वाटेल."

"ज्याले टोचते त्याले टोचू दे."

"मॅडम असत्या तर समजून घेतलं असतं."

"ती असती तर तुले दारातूनच वापस धाडलं असतं."

तो हसला. मी हसलो नाही.

"किती लहान माणूस होता तो, काका. त्याच्यावर एवढा राग?"

"लहान होता म्हणूनच. मोठा एकटा काय करते? त्याले हात वर करणारे लागतात."

"एका शब्दासाठी पुस्तक अडवून राहिले तुम्ही."

"तू अडवून राहिला गा. ठेव ती पानं इथं."

त्याने ठेवली आणि गेला. नंतर मी आणखी दोन प्रकाशकांकडे जाऊन आलो. एकाने तोच शब्द काढायला सांगितला. दुसरा बघतो म्हणाला. मी शब्द बदलणार नाही.

युद्धानंतर लोडरचं काय झालं, त्याला कोणी जाब विचारला का, हे शेवटच्या प्रकरणात यायचं होतं. त्याची टिपणं तिने जर्मनमध्ये काढली आहेत. मला जर्मन येत नाही. ते प्रकरण लिहायचं राहिलं आहे.