आधी आवाज, मग हात

खजुराची बी अजून गालातच होती. जिभेने ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवत हनीफ क्लबच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, खोलीतून बाहेर आला, काचेचं दार मागे आपोआप लागलं, गार हवा आत राहिली, आणि जेद्दाचं दुपारचं ऊन तोंडावर आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तर दिलं तेसुद्धा ही बी तोंडात असतानाच. म्हणजे शब्द नीट उमटलाच नसेल कदाचित... मुदीरने भलतंच काही ऐकलं असेल. पण नाही. मुदीरने व्यवस्थित ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि कहव्याचा इवलासा पेला पुन्हा भरून पुढे केला होता. एकच तर शब्द होता — लिस्सा. अजून नाही. या शहरात उठता-बसता कानावर पडणारा. राहण्याचा परवाना, इकामा, झाला का? लिस्सा. प्लंबर आला का? लिस्सा. कुणी तो मनावर घेत नाही, आणि म्हणणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही.

टेबलावर बिया टाकायला वेगळी बशी होती. ती हनीफला दिसतही होती. पण बशी ओढायची तर पुढे वाकावं लागणार, वाकलं की मुदीरच्या डोळ्यांसमोर यावं लागणार — म्हणून त्याने बी तोंडातच ठेवली. आता त्याने ती तळहातावर घेतली. ओली, मधोमध चीर असलेली. फाटकापाशी कचऱ्याचा डबा होता. तो ओलांडून हनीफ तसाच पुढे गेला, मूठ मिटून.

मुदीरने विचारलं होतं ते अगदी साधं. सौदीकरणाचा आकडा पुरा करायला क्लबला आणखी एक जागा सौदी माणसाला द्यायची होती, आणि ती जागा हनीफची होती. हनीफच्या हाताखाली गेलं वर्षभर तुर्की नावाचा एक सौदी पोरगा होता. तुर्की तयार असेल तर हंगाम संपला की हनीफचं खलास. नसेल तर हनीफला आणखी एक हंगाम. मुदीर भला माणूस. तो म्हणाला, तूच शिकवलंस त्याला, तूच सांग. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

दुसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं, हनीफला वाटलं. चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो, ते आपल्यावर विश्वास टाकून मोकळे होतात.

सावलीला पोचतो तोच रुकय्याचा फोन. ती सकाळपासून धास्तावलेली होती. काय बोलला मुदीर, तिने विचारलं. राहिलो, हनीफ म्हणाला, अजून एक हंगाम. पलीकडून लांब श्वास ऐकू आला. मग अल्लाची मेहेरबानी, सहरची बारावी इथेच होईल, मधेच शाळा बदलायला नको — सगळं एका दमात. आणि मग, आवाज जरा खाली आणून,

"आणि तो पोरगा? तुर्की?"

बायको म्हणून ही एवढं विचारणारच. अझीझियातल्या त्यांच्या दोन खोल्यांत तुर्की रमजानमध्ये इफ्तारला आला होता, रुकय्याने भाजलेल्या तांदळाच्या भाकऱ्या सुरमईच्या सालनाबरोबर खाऊन बोटं चाटत बसला होता, आणि जाताना तिला 'उम्म सहर', सहरची आई, म्हणून सलाम करून गेला होता. सहर हसून म्हणाली होती, "अब्बू, ही इज सो पोलाइट, यार."

"त्याला काय," हनीफ म्हणाला, "तो इथलाच. त्याला कुठेही मिळेल."

"होय," रुकय्या म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "होय, मिळंल की." आणि तिने फोन ठेवला.

मिळेल? कुठे मिळेल? गुडघा गेला म्हणून तुर्कीचं खेळणं सुटलं होतं. दिवसभर तो स्वतःची गाडी काढून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवायचा, आणि संध्याकाळी मैदानावर यायचा तो सर्वांच्या आधी, कुणी न सांगता. मैदानावर राहण्याचा त्याला हा एवढाच रस्ता उरला होता... हे हनीफला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर लिस्सा म्हणायला जड गेलं नसतं.

आणि मी कोण? गुहागरकडच्या एका गावातला खो-खोचा मास्तर. सड्यावर चुना टाकून रेघा मारायच्या, दोन टोकांना दोन खांब रोवायचे, आणि मोहल्ल्यातल्या न् वाडीतल्या पोरींना एका रांगेत बसवायचं — एकीचं तोंड समुद्राकडे, दुसरीचं डोंगराकडे. त्यासाठी मी कुणाकडून कधी चहाच्या वर काही घेतलं नाही, आणि त्याचा मला माज होता. खेळाला किंमत लावली की खेळ संपला, असं मी शाळेच्या कार्यक्रमात माईकवरून सांगितलेलं आहे. मग जेद्दाच्या इंडियन स्कूलमध्ये पीटी शिकवायला आलो. तिथे पोरांना खो-खो खेळवताना एका ट्युनिशियन माणसाने कुंपणापलीकडून पाहिलं. तो या फुटबॉल क्लबचा मुख्य प्रशिक्षक. बसल्या जागेवरून उठून पहिल्या पावलातच वेग कसा घेतात, पळता पळता अंग कसं वळवतात, ते माझ्या खेळाडूंना शिकव, म्हणाला. फुटबॉलमधलं मला ऑफसाईडसुद्धा धड कळत नव्हतं. तरी गेलो. गावाला कळलं तेव्हा पंचायतीतले सदानंदभाऊ फोनवर हसले होते — काय मास्तर, चुना सोडून हिरवळीवर? त्यांनी चेष्टाच केली होती, पण मला ती लागली. तीन रात्री झोप नव्हती. तेव्हा वाटलं होतं, लाज म्हणतात ती हीच. आता कळतं, ती नुसती चुणूक होती.

असरची, दुपार कलतानाची, नमाज झाली. त्याने सवयीने रकाती पुऱ्या केल्या, सजद्यातही उजवी मूठ मिटूनच. दुआला हात पसरताना उजवी मूठ उघडावी लागली, तेव्हा ती बी तळहातावर तशीच होती. काय मागावं ते सुचेना. त्याने हात तोंडावरून फिरवले आणि उठला.

मैदानावर तुर्कीने नारिंगी शंकू मांडून ठेवले होते. सरळ रेघेत, दोन्ही टोकांना सरावाच्या दोन काठ्या. खेळाडू शंकूंमध्ये उकिडवे बसले, आळीपाळीने तोंडं फिरवून, आणि तुर्की चेंडू घेऊन पळणाऱ्या पोराच्या मागे लागला. दुखरा गुडघा जपत — पण हात कसा! बसलेल्याच्या पाठीवर पंजा पडायचा आणि त्याच क्षणी आवाज, "खो!" ना आधी, ना नंतर. हा शब्द इथे हनीफनेच आणला. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, कोच 'खू' म्हणतोय, त्यांच्या बोलीत भावाला मारायच्या हाकेचा तुकडा. पाठीवर थाप मारून 'भाऊ' म्हणायचं आणि भावाने उठून पळायला लागायचं. त्यांना हे फार आवडलं. हनीफने दुरुस्ती केली नाही. त्यालाही आवडलं होतं.

खो देणं हीच खरी अवघड गोष्ट. पळणं कुणालाही येतं. गावाकडे वैजू नावाची पोर होती, वाऱ्यासारखी पळायची, पण खो द्यायची नाही. दम संपला, पाय अडखळायला लागले तरी एकटीच मागे लागायची, आणि हनीफ खांबापाशी उभा राहून ओरडायचा — खो दे! दम गेलाय तुझा, खो दे की गं! मागे बसलेल्या पोरी ताज्या आहेत, त्या काय शोभेला बसवल्यात? वीस वर्षं हेच ओरडून त्याचा घसा बसला. आणि आज मुदीरने विचारलं तेव्हा...

"या कोच," अरबीत हाक आली.

तुर्की समोर उभा होता. चोराच्या मनात चांदणं... हनीफने मूठ आणखी घट्ट केली. तुर्की आपल्या मोडक्या इंग्रजीत आणि हनीफला कळेल अशा सावकाश अरबीत बोलत होता. मुदीरने त्याला बोलावून सांगितलं होतं, तुझा कोच म्हणतो लिस्सा. तुर्की रागावलेला असता तर बरं झालं असतं. हनीफ त्यासाठी तयारही होता, मनात दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती — हंगाम अर्ध्यावर आहे, घाई नको, तुझ्याच भल्यासाठी. ती तशीच राहिली.

"तुमचं बरोबर आहे," तुर्की म्हणाला. "मला वाटत होतं, झालं आपलं. पण तुम्हाला दिसतं ते मला दिसत नाही. काय कमी पडतं ते फक्त सांगा."

काहीच कमी पडत नव्हतं. एवढं म्हणायचं होतं. जवळपास दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं. तुर्की वाट पाहत होता, घामाने भिजलेला, अंग थोडं पुढे झुकवून, खो मिळायची वाट पाहणाऱ्या खेळाडूचं झुकतं तसं — आणि हनीफच्या तोंडून शब्द गेले, सहज, मास्तरकीच्या सवयीने.

"आवाज. तुझा आवाज जरा उशिरा येतो."

तुर्कीने डोळे बारीक केले. आठवून पाहिलं. आणि त्याला ते पटलं. जे नव्हतंच ते त्याला स्वतःत सापडलं. "हो," तो म्हणाला, "हो, सहीह. काल मलाही तसं वाटलं होतं." छातीवर हात ठेवून त्याने मान लववली आणि परत रांगेकडे धावला, गुडघा विसरून.

मग सुरू झालं. पहिल्या फेरीत आवाज हाताच्या किंचित आधी आला. दुसऱ्या फेरीत जास्तच आधी. "खो!" — आणि मग हात. बसलेला पोरगा आवाजावर उठला, हात हवेत गेला. पुढचा गोंधळून बसूनच राहिला. फाऊल. गावच्या मैदानावर हनीफने केव्हाच शिट्टी फुंकली असती. तुर्की प्रत्येक खो दिल्यावर हनीफकडे बघत होता, आता जमतंय का म्हणून, आणि हनीफ... हनीफ मान डोलावत होता. अगदी मुदीरसारखी. पलीकडच्या गोलपोस्टजवळून ट्युनिशियन प्रशिक्षकाने एकदा इकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. म्हणजे बरोबरच झालं. आता कुणीही येऊन पाहावं, कुणालाही विचारावं — तुर्की तयार नाही. दुपारी बोललेलं खोटं संध्याकाळपर्यंत खरं झालं होतं. एवढ्या वर्षांत कुणाला इतक्या लवकर काही शिकवल्याचं त्याला आठवेना.

रांगेतला एक पोरगा पोटरीत गोळा आला म्हणून बाजूला झाला. जागा रिकामी पडली. हनीफ का उठला ते त्यालाही कळलं नाही. तो गेला आणि त्या रिकाम्या जागी, दोन शंकूंमध्ये, उकिडवा बसला. बोटं जमिनीला टेकलेली, एक मूठ मिटलेली, पाठ तुर्कीच्या बाजूला. पोरं हसली, टाळ्या पिटल्या — यल्ला कोच! कुठल्याशा मशिदीचा भोंगा खरखरला. आता मगरिबची, सूर्यास्ताची, अजान होईल. पन्नाशीतले गुडघे कुरकुरले.

पाठीमागून पावलं येत होती. त्यातलं एक जड पडत होतं, ते दुखऱ्या पायाचं. हनीफला मागे वळायची गरज नव्हती, जन्मभर त्याने पाठीने ऐकलं होतं. जवळ येतायत... आता सांगावं. उठावं, वळावं, त्याचा हात धरून सांगावं की तुझं बरोबर होतं रे, पहिल्यापासून बरोबर होतं. नंतर मुदीरकडे जावं. रुकय्याला काय सांगायचं ते नंतर...

"खो!"

आवाज आला. हात आला नव्हता. नुसत्या आवाजावर उठायचं नसतं, हे त्याने शेकडो पोरींना घोकून घेतलं होतं, म्हणून तो बसून राहिला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हात पडायचा तेवढी जागा गार पडली. मुठीतली बी तळव्यात रुतत होती. हात येणारच होता, एका पावलावर होता, आणि हनीफला वाटलं — मला वाटलं — अजून नको. लिस्सा. तो पोचूच नये. कारण हात पडला की उठावं लागणार होतं, आणि उठल्यावर आधी त्या पोराला तोंड दाखवावं लागणार होतं.